तीनच ठेव, पण दिसतील अशी

अगं, घरासाठी तू ठरवलेल्या ध्येयांची यादी वाचली. पहाटे उठणं, मुलांचा मोबाइल बंद, खर्च निम्मा, रोज सगळ्यांनी एकत्र जेवणं. एवढं आमच्या सासूबाईंनाही जमलं नसतं, आणि त्या चांगल्याच कडक होत्या.

तीनच ठेव. 'मुलांनी जबाबदारीनं वागावं' असं नुसतं लिहिलं तर ते कुणी कसं मोजायचं? आपल्या सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं ना, त्या दिवसालाच काम जोड. नळ आला की थोरल्यानं पिण्याची भांडी भरायची, धाकटीनं कुंड्यांना पाणी घालायचं. झालं की कॅलेंडरवर खूण त्यांनीच करायची. तू केलीस की ते तुझंच काम होऊन बसतं. एखादी खूण राहिली तर जागा रिकामी राहू दे. ओरडू नकोस, ती रिकामी जागा त्यांना दिसतेच.

पैशांचं म्हणशील तर नुसती 'बचत' नको. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्यावर, म्हणजे जत्रेत, पाळण्यात बसायचे आणि खेळण्यांचे पैसे, असं सांग आणि काचेची बरणी समोर ठेव. डबा नको, आत किती जमलं ते दिसायला हवं.

एकत्र जेवायला रविवारची रात्र पुरे. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही असलं तरी चालतंय.

आणि मे महिन्यात नवीन काही काढू नकोस. पारा ४० च्या पुढे गेला की माणसं धड बोलत नाहीत, नियम कुठले पाळतात? जूनमध्ये शाळा उघडली की सुरू कर.