बायबलमध्ये बर्फाचा आध्यात्मिक अर्थ काय आहे? तो फक्त पावित्र्याचं प्रतीक आहे का?

फक्त पावित्र्याचं नाही. पण प्रवचनांत बहुतेक वेळा तेवढंच कानावर पडतं, कारण यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 1:18 हे वचन सगळ्यांना पाठ असतं: पातकं लालभडक असली तरी बर्फासारखी पांढरी होतील. संडे स्कूलमध्ये मीही ते घोकलं होतं.

आधी त्यातला लाल रंग बघा. तिथला एक हिब्रू शब्द मूळचा किड्याचा आहे. हे किडे वाळवून त्यांच्यापासून रंग काढत आणि त्यात लोकर रंगवत. आपल्या ‘किरमिजी’ शब्दाच्या मुळाशीही कृमीच आहे. धाग्यात मुरलेला, पक्का रंग. तो उतरेल, असं देव म्हणतो आहे.

‘बर्फ घाण झाकतो, तसा देव पाप झाकतो’ हे स्पष्टीकरण मला पटत नाही. पाप झाकण्याची भाषा स्तोत्र 32 मध्ये आहे, पण तिथे बर्फ नाही. बर्फ येतो तो स्तोत्र 51 मध्ये. दुसऱ्याची बायको असलेल्या बथशेबाशी केलेल्या व्यभिचाराबद्दल नाथान संदेष्ट्याने तोंडावर सुनावल्यानंतरची दावीद राजाची ही प्रार्थना: मला धू, म्हणजे मी बर्फाहून शुभ्र होईन. इथलं हिब्रू क्रियापद अंघोळीचं नाही, कपडे धुण्याचं आहे. दावीद पांघरूण मागत नाही. मळका कपडा चोळून, तुडवून धुवावा तसं मला धू, असं तो म्हणतो.

आणि हाच पांढरा रंग बायबलमध्ये शिक्षेचाही आहे. 2 राजे, अध्याय 5 सलग वाचा. अरामी सेनापती नामान अलीशा संदेष्ट्याच्या सांगण्यावरून यार्देन नदीत सात वेळा बुडी मारतो आणि कोडातून बरा होतो. अलीशाचा चाकर गेहजी नामानामागे धावत जाऊन, खोटं बोलून चांदी आणि दोन पोशाख उकळतो, आणि अध्यायाच्या शेवटी ‘बर्फासारखा’ कोडी होऊन बाहेर पडतो. (आज कोड असलेल्या कुणालाही कृपा करून हे लावू नका. ही गोष्ट गेहजीच्या लोभाची आहे.) यार्देनचे उगम 2,814 मीटर उंचीच्या हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी आहेत, आणि तिथल्या झऱ्यांना त्या डोंगरावरचंच वितळलेलं बर्फ पाणी पुरवतं. म्हणजे नामान ज्या पाण्यात बरा झाला, त्यातही बर्फच होतं.

माझ्या मते सर्वांत खोल अर्थ यशया 55:10-11 मध्ये आहे. पाऊस आणि बर्फ आकाशातून पडतात, जमीन भिजवून पेरणाऱ्याला बी आणि खाणाऱ्याला भाकर दिल्याशिवाय परत जात नाहीत. माझं वचनही तसंच, असं देव म्हणतो. मला हे वाचून कळलं नव्हतं. आपल्या मराठीत बर्फ म्हटलं की गोळेवाल्याकडची लादी डोळ्यांपुढे येते, तिच्यातून भाकर कशी निघणार?

मग एका फेब्रुवारीत मनालीजवळ हिमवर्षाव पाहिला. रात्रभर पडत होतं आणि कसलाच आवाज नव्हता. सकाळी बाहीवर पडलेला कण बघेपर्यंत विरून जायचा, लोकरीवर फक्त ओल राहायची. दुपारी ऊन आलं, छपरं ठिबकायला लागली, वाटेवर चिखल झाला. मला वाईट वाटलं, पण शेजारच्या सफरचंदाच्या बागेचे मालक खुशीत होते. पाऊस वाहून जातो, हे मुरतं, असं म्हणत त्यांनी झाडाच्या बुंध्याशी उरलेलं बर्फ हाताने बाजूला केलं आणि खालची काळी, ओली माती मला दाखवली.