कोंबडा अंगावर धावून येतो, त्याचं काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परसात ९ गावरान कोंबड्या आणि २ कोंबडे आहेत. त्यातला १० महिन्यांचा तांबडा कोंबडा महिनाभरापासून खुराड्याजवळ गेलं की अंगावर येतो. आईच्या पोटरीत त्याने पायावरचा अणकुचीदार काटा रुतवला, ४ वर्षांच्या मुलाला अंगणात सोडता येत नाही. शेजारी म्हणतात, दोन काठ्या हाणा, आपोआप सरळ येईल.

काठ्या हाणू नका. मारून सरळ आलेला कोंबडा क्वचित दिसतो, मारून बिघडलेले मात्र पुष्कळ. कोंबडा ज्याला आपल्या बरोबरीचा समजतो त्याच्याशीच झुंजतो. तुम्ही लाथ मारली की त्याच्या लेखी झुंज सुरू झाली, आणि झुंज अर्धवट राहिली तर तो उद्या पुन्हा येणार. तुम्ही पळालात तर तो जिंकला. मग उद्या तो अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत पाठलाग करणार. त्यामुळे झुंजायचंही नाही आणि पळायचंही नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण दोन-अडीच किलोंचा पक्षी गुडघ्याच्या उंचीवर झेप घेतो तेव्हा पाय आपोआप मागे येतात. म्हणून आधी त्याची लक्षणं ओळखायला शिका.

कोंबडा अचानक हल्ला करत नाही, आपल्याला तो अचानक वाटतो. आधी तो जागच्या जागी थबकतो आणि मान तिरकी करून एका डोळ्याने तुमच्याकडे बघतो. मग डोकं खाली जातं आणि मानेची पिसं फुलून छत्रीसारखी उघडतात. त्यानंतर एक पंख जमिनीपर्यंत खाली सोडून तो तिरका तिरका, तुमच्याभोवती अर्धगोल घेत सरकतो. जवळ असाल तर पंखाची टोकं मातीवर घासल्याचा खर्र आवाजही ऐकू येतो. हेच तो कोंबडीभोवती करतो तेव्हा ती मनधरणी असते, माणसाभोवती करतो तेव्हा धमकी. कधी कधी मध्येच तो जमिनीवर टोचा मारतो, दाणा नसतानाही. तोंड तुमच्याकडे असेल तर ते खाणं समजू नका. तो अजून झुंजीतच आहे. पाठ किंवा कूस तुमच्याकडे करून निवांत चालत टिपू लागला, की प्रकरण मिटलं.

खुराड्याकडे जाताना गुडघ्यापर्यंतचे गमबूट किंवा जाड जीन्स घाला आणि हातात घमेलं घ्या. सूपही चालतं, पण घमेलं टिकतं. लक्षणं दिसली की थांबा, मागे सरू नका, घमेलं गुडघ्यांसमोर धरा. त्याने झेप घेतली तर ती घमेल्यावर आदळू द्या. तुम्ही ते पुढे ढकलायचं नाही की फिरवायचं नाही. तो खाली उतरला की त्याच्या दिशेने एक पाऊल टाका, सावकाश, मग दुसरं. तो वळून ५-६ फूट लांब गेला की तिथेच थांबा, दोन मिनिटं आपलं काम करा आणि मगच बाहेर पडा. पाठ दाखवून जाऊ नका. घमेल्याऐवजी ४-५ फुटांची बांबूची काठी जमिनीला समांतर, खाली धरून त्याला वळवता येतं. पण घरात कुणाचा हात पटकन उठत असेल तर काठी नकोच.

हे दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, २ ते ३ आठवडे करावं लागतं. आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने करावं लागतं, कारण कोंबडा माणसं चेहऱ्यावरून आणि चालीवरून ओळखतो. वडिलांना वाट देणारा कोंबडा आईवर धावतोच. त्यात आईचा काही दोष नसतो. तिच्याशी त्याचा हिशेब वेगळा उरलेला असतो, एवढंच.

काही गोष्टी त्याला हमखास भडकवतात. हलता खराटा, वाऱ्यावर डुलणारा पदर किंवा ओढणी, झुलती बादली, मागून अचानक येणं. खुराड्याचं दार उघडण्याआधी बोला, म्हणजे तुम्ही येताय हे त्याला कळेल. सगळ्यात वाईट म्हणजे दिवसा त्याच्यासमोर कोंबडी धरणं. ती ओरडली की तो धावणारच, त्याचं कामच ते आहे. कोंबड्या तपासायच्या, औषध पाजायचं, जागा बदलायची, हे सगळं रात्री दांडीवर बसल्यावर करा. कोंबड्याला हातातून दाणेही भरवू नका. दाणे जमिनीवर किंवा पाटीत टाका. तो कुटकुट करून कोंबड्यांना बोलावेल आणि दाणा चोचीत उचलून त्यांच्यापुढे टाकेल. हे करणारा कोंबडा चांगला असतो, त्याला ते करू द्या. पिल्लू असताना मांडीवर घेऊन लाडावलेले कोंबडे मोठेपणी जास्त अंगावर येतात. त्यांना माणसाचं अंतर राखायची सवयच लागलेली नसते.

आता तुमच्या प्रश्नातला आकडा. ९ कोंबड्यांना २ कोंबडे म्हणजे एक जास्त. गावरानमध्ये ८ ते १० कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो, गिरीराज-वनराजसारख्या जड जातींत ६ ते ८ मागे एक. आज रात्री बॅटरी घेऊन प्रत्येक कोंबडीची पाठ, डोक्याची मागची बाजू आणि पंखाखालची कूस बघा. कोंबडा चढताना मानेची पिसं चोचीत धरतो आणि पायांनी पाठ रेटतो. त्यामुळे या जागा उघड्या पडल्या असतील, कुशीत काट्याची चीर असेल, तर कोंबडे जास्त झालेत याला आणखी पुराव्याची गरज नाही. दोघे असले की खालच्या दर्जाचा चोरून, पाठलाग करून चढतो, आणि वरचा दिवसभर त्याच्यावर पहारा देत तापलेला राहतो. तो ताप तुमच्या पोटरीवर निघतो. जखमी कोंबडी लगेच वेगळी करा, कारण रक्त दिसलं की बाकीच्या तिथेच टोचतात. जखमेला पोव्हिडोन आयोडीन लावा आणि पावसाळ्यात माशा बसू देऊ नका, दोन दिवसांत अळ्या पडतात.

अंडी खाण्यापुरती हवी असतील तर कोंबड्याची गरजच नाही, कोंबड्या त्याच्याशिवाय घालतात. पण मोकळ्यावर चरणाऱ्या कळपात घार किंवा मुंगूस दिसल्यावर पहिली आरोळी त्याची असते, म्हणून सरसकट कोंबडा काढून टाका असं मी सांगणार नाही. दोनपैकी शांत असलेला ठेवा.

तांबड्याला एक संधी द्यायची असेल तर त्याला खुराड्याच्या आवारातच साधारण ३ बाय ३ फुटांच्या जाळीच्या पिंजऱ्यात ७ ते १० दिवस ठेवा. कोंबड्या दिसल्या पाहिजेत, पण पोहोचता येता कामा नये. डालग्याखाली (बांबूच्या उपड्या टोपलीखाली) इतके दिवस कोंडू नका, त्यात नीट फिरता येत नाही. सोडताना संध्याकाळी, अंधार पडायच्या अर्धा तास आधी सोडा. झोपायच्या घाईत भांडणं कमी होतात. त्याला नजरेआड, शेजारच्या वाड्यात वगैरे २-३ आठवडे ठेवलंत तर मात्र दोघे कोंबडे एकमेकांचा दर्जा विसरतात आणि परतल्यावर पहिल्यापासून झुंजतात. जागाही मोजा: आत दर पक्ष्याला ४ चौरस फूट, बाहेर १०. खाण्याच्या आणि पाण्याच्या जागा दोन ठेवा, ६-७ फूट अंतरावर, मध्ये पत्रा किंवा क्रेट उभा करून. त्यामुळे एका जागेवरून दुसरी दिसत नाही आणि कोंबडीला आडोसाही मिळतो.

काट्याची धार रात्री घालवता येते. एकाने कोंबड्याचे पंख अंगाशी घट्ट धरून त्याला काखेत घ्यायचं, दुसऱ्याने टोक कानशीने गोल करायचं. काट्याच्या आत हाड आणि रक्ताचा जिवंत भाग असतो, त्यामुळे १० महिन्यांच्या कोंबड्याचं ३ मिलिमीटरपेक्षा जास्त टोक काढू नका. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉर लावून स्वच्छ कापडाने ५ मिनिटं दाबून धरा. काटा पुन्हा वाढतो, २-३ महिन्यांनी परत बघावं लागतं. कोंबडा पाय धरून उलटा लोंबकळत नेऊ नका, सगळीकडे तसंच नेतात तरीही. पक्ष्यांना श्वासपटल नसतं. उलटं धरलं की पोटातल्या अवयवांचा भार हवेच्या पिशव्यांवर येतो आणि गुदमरायला होतं.

आईच्या जखमेकडे दुर्लक्ष करू नका. काट्याची जखम वरून टाचणीएवढी दिसते, पण खोल असते आणि काटा शेणामातीतला असतो. साबण आणि वाहत्या पाण्याने १० मिनिटं धुवा. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं झाली असतील तर आजच घ्या. रेबीजची भीती नको, तो पक्ष्यांकडून होत नाही. आईच्या पायांच्या शिरा फुगलेल्या असतील तर तिला त्या कोंबड्याजवळ जाऊच देऊ नका. ऑस्ट्रेलियातल्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी २०१९ साली नोंदवलेल्या एका प्रकरणात, अंडी गोळा करणाऱ्या वृद्ध बाईच्या पायाच्या फुगलेल्या शिरेवर कोंबड्याने चोच मारली आणि रक्तस्रावाने तिचा मृत्यू झाला.

मुलाच्या बाबतीत मी कोणताही प्रयोग सुचवणार नाही. ४ वर्षांच्या मुलाचा चेहरा कोंबड्याच्या झेपेच्या उंचीवर येतो, आणि डोळा गेला तर परत येत नाही. या कोंबड्याचा निकाल लागेपर्यंत मूल आणि तो एका वेळी अंगणात नकोत, मोठं माणूस सोबत असलं तरी.

हे सगळं मन लावून ६ आठवडे केल्यावरही तो अंगावर येत असेल तर त्याला ठेवू नका. कुणाला देणार असाल तर तो अंगावर येतो हे स्पष्ट सांगून द्या. कापलात तर त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही, सगळ्या कळपाचं आणि घराचं त्यात भलं आहे. झुंजीसाठी कोंबडा मागणाऱ्याला मात्र देऊ नका. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली कोंबड्यांची झुंज लावणं गुन्हा आहे, आणि त्या पक्ष्याची पुढची गत फार वाईट होते.

रागीटपणा बऱ्याच अंशी रक्तातून उतरतो, म्हणून त्याची अंडी खुडूक (उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली ठेवू नका. कोंबडीच्या अंगात कोंबड्याचं बीज २-३ आठवडे टिकतं. त्यामुळे तो गेल्यावर ४ आठवडे अंडी खाण्यात वापरा आणि त्यानंतरची, दुसऱ्या कोंबड्याची, उबवायला घ्या.