‘त्यांच्या घरी काविळीचं औषध आहे’

प्रश्न असा आहे: आयर्लंडच्या गावठी औषधांवरचा मजकूर मराठीत आणताना ‘अमक्या बाईकडे काविळीचा क्युअर आहे’ अशी वाक्यं सारखी भेटतात. या ‘क्युअर’ला उपचार म्हणावं, इलाज म्हणावं की उतारा?

सरळ ‘औषध’ म्हणा. ‘त्यांच्या घरी काविळीचं औषध आहे’ असं आपल्याकडे गावोगाव आजही बोलतात, आणि आयरिश माणसालाही तेच म्हणायचं असतं. हा क्युअर घराण्यात असतो. कुठला पाला, कधी खुडायचा, किती वेळा द्यायचा हे घरातल्या एखाद्यालाच ठाऊक. तो जाण्याआधी पुढच्याच्या कानावर घालतो. पैसे मागायचे नाहीत. कित्येक ठिकाणी तर रोग्याने आभारही मानायचे नाहीत, नाहीतर गुण येत नाही. ‘उपचार’ लिहिलंत की दवाखाना डोळ्यांसमोर येतो, ‘इलाज’ कुणीही करतो आणि ‘उतारा’ म्हटलं की विष किंवा दृष्ट आठवते.

कधी पाला लागतच नाही. सातव्या मुलाचा सातवा मुलगा, किंवा माहेरचं आणि सासरचं आडनाव एकच असलेली बाई, यांच्याकडे क्युअर आपोआप येतो अशी समजूत. तिथे मात्र ‘हाताला गुण आहे’ हेच चपखल.

जे सगळ्यांनाच माहीत, त्याला औषध ‘असणं’ म्हणत नाहीत. तो झाडपाला किंवा घरगुती उपाय. १९३७–३८ मध्ये आयर्लंडभरच्या शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून वह्या भरल्या, त्यांत असे उपाय खच्चून आहेत. छाती भरली की कॅरागीन हे समुद्रशेवाळ दुधात उकळून प्यायचं. नेटल हे आग करणारं रोप अंगाला लागलं की डॉक या रानरोपाचं पान चोळायचं. (नेटलला खाजकुयली म्हणू नका, ती शेंगांची वेल वेगळी.) आणि कापलं की स्लानलुस: लांबट, उभ्या ठसठशीत शिरांचं पान, चावून किंवा चेचून जखमेवर दाबायचं, रक्त थांबतं. ‘स्लान’ म्हणजे धडधाकट, ‘लुस’ म्हणजे वनस्पती. निरोप घेतानाही तिथे ‘स्लान’च म्हणतात, किती गोड! ही आपल्या इसबगोलाची सख्खी भावकी आहे. तरी तिला इसबगोल म्हणू नका, वाचकाला बी आणि भुसा आठवेल. नाव स्लानलुसच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे पानाचं वर्णन द्या.