जुना कॉम्प्युटर, जुना प्रिंटर आणि मधली केबल

प्रश्न : माझा कॉम्प्युटर विंडोज एक्सपीचा आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावरच चालतं, त्यामुळे बदलता येत नाही. ओळखीतून एक जुना पण धडधाकट लेझर प्रिंटर मिळाला. राउटरबरोबर आलेली केबल दोघांत थेट जोडली, तर पोर्टचा दिवासुद्धा लागत नाही. पोर्ट गेलं असेल का?

उत्तर : पोर्टला इतक्यात बोल लावू नका. केबलची दोन्ही टोकं क्लिप खाली करून शेजारी धरा आणि पारदर्शक प्लगमधून तारांचे रंग बघा. क्रम सारखाच दिसला तर ती सरळ केबल. तिने कॉम्प्युटर राउटरला जोडतात. जुनी यंत्रं तिने थेट जोडली की दोघांचं तोंड तोंडाला आणि कान कानाला येतो, म्हणजे पाठवणाऱ्या तारा पाठवणाऱ्या तारांनाच भिडतात. तुम्हाला या तारांची अदलाबदल करणारी क्रॉसओव्हर केबल हवी. तिच्या एका टोकाला नारिंगी जोडी पहिली असते, दुसऱ्या टोकाला हिरवी. नवी पोर्टं ही अदलाबदल आपली आपण करतात. तुमची बहुधा त्याआधीची आहेत.

कॉम्प्युटर आणि प्रिंटर दोन्ही राउटरला जोडणं सोपं, हे खरं. पण एक्सपीचे नियमित सुरक्षा अपडेट एप्रिल २०१४ मध्येच थांबले. हिशेबाचं यंत्र इंटरनेटपासून लांबच बरं.

दिवा लागला तरी काम अर्धंच. राउटर नाही, म्हणजे यंत्रांना नेटवर्कवरचे पत्ते (आयपी अ‍ॅड्रेस) देणारं कोणी नाही. ते हाताने द्यायचे. कॉम्प्युटरला १९२.१६८.१.१०, प्रिंटरला त्याच्या पॅनलवरून १९२.१६८.१.२०, सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. गेटवे रिकामा सोडा. मग कमांड प्रॉम्प्टमधून प्रिंटरला पिंग करा, म्हणजे ‘ping 192.168.1.20’ टाइप करून तो उत्तर देतो का बघा. उत्तर येईपर्यंत पुढे जाऊ नका.

आता खरी मेख. प्रिंटर जोडताना एक्सपी विचारतो, लोकल की नेटवर्क? केबल नेटवर्कची, म्हणून मी पहिल्या खेपेला नेटवर्क निवडलं आणि अख्खी दुपार घालवली. तो पर्याय दुसऱ्या कॉम्प्युटरने शेअर केलेल्या प्रिंटरसाठी आहे. तुम्ही ‘लोकल’ घ्या, प्रिंटर आपोआप शोधण्याची टिक काढा, नवं पोर्ट (केबलचं नव्हे, एक्सपीच्या सेटिंगमधलं) तयार करताना ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडा आणि तिथे प्रिंटरचा पत्ता टाका.

ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, एक्सपीचाच लागेल. मिळाला नाही आणि प्रिंटरला पीसीएल ५ ही छपाईची भाषा कळत असेल, तर एक्सपीच्या यादीतला एखादा जुना एचपी लेझरजेट निवडून बघा. ट्रे निवडण्यासारख्या सोयी कदाचित मिळणार नाहीत, पण हिशेबाची पानं निघतील.