गावच्या माळावर शंभर प्रकारची झाडं लावली तर जैवविविधता वाढते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावच्या पन्नासेक एकर गायरानावर ‘जैवविविधता उद्यान’ करायचं घाटतंय, शंभर प्रकारची झाडं लागणार आहेत. बैठकीत सगळ्यांचं म्हणणं पडलं की आज तिथं गवत आणि चार बोरी-बाभळींशिवाय काहीच नाही, म्हणजे लावू ते वाढीवच. तुम्हाला ते पटत नाही, पण काय बोलावं ते सुचत नाही. जास्त प्रजाती म्हणजे जास्त जैवविविधता, हे खरं की नाही?

त्या पन्नास एकरांपुरतं मोजलं तर जैवविविधता वाढेल. जिल्ह्याचा, राज्याचा हिशोब मांडला तर घटेल. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत आणि तुम्हाला खटकतंय ते नेमकं इथंच. मी पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या माळांवर बरीच वर्षं गवताच्या आणि पक्ष्यांच्या नोंदी घेत आलोय, काही गावांच्या लोक जैवविविधता नोंदवहीच्या (गावातल्या जीवजातींची आणि लोकांना त्यांच्याबद्दल असलेल्या माहितीची नोंद) कामातही होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रॉबर्ट व्हिटेकर नावाच्या अमेरिकी परिस्थितिकी अभ्यासकाने १९६० साली विविधतेचे तीन थर वेगळे काढले. एका जागेत किती प्रकार आहेत, ती अल्फा विविधता. दोन जागा एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत, ती बीटा. आणि सगळा प्रदेश मिळून होते ती गॅमा. उद्यानाचा फलक लिहिणारा माणूस फक्त अल्फा मोजतो. तुमच्या उद्यानात झाडं कोणती येणार? रोपवाटिकेत मिळतात ती: गुलमोहर, काशीद, करंज, सिसू, बदाम, ग्लिरिसिडिया. शेजारच्या गावातही तीच, त्याच्या पलीकडच्या गावातही तीच. प्रत्येक गावाचा आकडा वाढतो, गावागावांतला फरक मात्र पुसला जातो, आणि जे फक्त उघड्या माळावरच जगू शकतं ते हळूहळू सगळीकडूनच नाहीसं होतं. ही भीती मनची नाही. मारिया डॉर्नेलास आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जगभरातल्या १०० दीर्घकालीन नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्थानिक पातळीवर प्रजातींची संख्या सरसकट घटलेली त्यांना दिसली नाही, पण कोण राहतंय ते मात्र झपाट्याने बदलत होतं. नुसती संख्या बघणाऱ्याला ‘सगळं ठीक आहे’ असंच वाटलं असतं.

आता आकडा कसा निघतो ते बघू, कारण बैठकीत ‘शास्त्रीय पद्धतीने मोजू’ असं कुणीतरी म्हणणारच. समजा तुम्ही माळावर एक मीटरची चौकट टाकली आणि आत १०० रोपं मिळाली. त्यातली ९१ पवन्या गवताची, आणि उरलेली नऊ रोपं नऊ वेगवेगळ्या प्रकारांची. प्रकार किती? दहा. आता याच चौकटीला सिम्पसनचं १९४९ चं सूत्र लावा. डोळे मिटून दोन रोपं उचलली तर ती एकाच प्रकारची निघण्याची शक्यता किती, असं ते विचारतं. त्यावरून ‘परिणामी प्रकार’ काढले, म्हणजे सगळे प्रकार सारख्याच संख्येने असते तर एवढ्या विविधतेला किती प्रकार पुरले असते ते बघितलं, तर उत्तर येतं जेमतेम १.२. शॅननच्या सूत्राने काढलं तर १.६५ च्या आसपास. चौकट तीच, रोपं तीच, आणि उत्तरं तीन: दहा, १.६५, १.२.

यातलं खरं कोणतं? गणित याचं उत्तर देत नाही, देऊही शकत नाही. तिन्ही सूत्रांत फरक एकाच गोष्टीचा आहे, दुर्मीळाला किती वजन द्यायचं याचा. नुसती मोजणी एकट्या रोपालाही ९१ रोपांच्या प्रकाराइतकंच मोजते. सिम्पसन त्या नऊ जणांना जवळपास शून्यात काढतो. चारा किती मिळेल हे बघायचं असेल तर सिम्पसन तुमच्या कामाचा, कारण गुरं पवन्याच खाणार. पण संवर्धन करायचं असेल तर ज्या नऊ रोपांना सूत्राने विचारात घेतलं नाही, नेमकी तीच वाचवायची असतात. म्हणजे मोजणीच्या आधी आपल्याला कशाची किंमत आहे हे ठरलेलं असतं. बहुतेक वेळा ते न बोलता ठरतं, आणि माझा आक्षेप त्या न बोलण्यालाच आहे.

सहोत्र सरकार हे टेक्सास विद्यापीठात शिकवणारे तत्त्वज्ञ आहेत. त्यांनी हे फार स्वच्छ मांडलंय: जैवविविधता म्हणजे निसर्गात आधीपासून पडलेली, उचलून मोजायची राशी नव्हे. काय टिकवायचं ते आपण आधी ठरवतो, त्यात संकेत असतो, आणि मग मोजमाप त्या ठरावाला धरून होतं. संकेत आहे म्हणून तो मनमानी ठरत नाही. त्याची कारणं द्यावी लागतात, ती चारचौघांत तपासता आली पाहिजेत. ते पूरकतेवर भर देतात. ही कल्पना मूळ जीवशास्त्रज्ञांची, टास्मानियात जेमी कर्कपॅट्रिक यांनी १९८३ मध्ये ती वापरली. एखादी जागा राखायची की नाही हे ठरवताना तिथं एकूण किती प्रजाती आहेत हे विचारू नका. आधी राखलेल्या जागांमध्ये जे नाही, त्यातलं इथं किती आहे ते विचारा. सह्याद्रीतल्या दाट जंगलापुढे तुमचा माळ पहिल्या प्रश्नात सपशेल हरतो, दुसऱ्या प्रश्नात मात्र तो पुढे जातो. महाराष्ट्रात राखीव म्हणून जे आहे त्यात झाडी भरपूर आहे, माळ अगदी थोडा.

संख्या किती फसवते याचं साताऱ्यातलं उदाहरण द्यायलाच हवं. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत आणि तिथंच सुपर्बा नावाचा, गळ्याला निळा-नारिंगी पंखा असलेला सरडा राहतो. २०१८ मध्ये मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी फार कमी झाले होते आणि सरडे चक्क वाढले होते. सरड्यांची गणना करून कुणी अहवाल लिहिला असता तर पवनचक्क्या सरड्यांना मानवल्या असंच आलं असतं. प्रत्यक्षात वरचा शिकारी गेला म्हणून खालचे वाढले. त्यांची भीती कमी झाली, त्यांच्या रंगांची झळाळीही कमी झाली. पठारावर कोण कुणाला खातं, कोण कुणाला घाबरतं, ही सगळी वीण बदलली होती. ती कुठल्याच यादीच्या रकान्यात बसत नाही.

आणि प्रत्येक प्रजात म्हणजे एक खूण, हेही मला पुरतं पटत नाही. पश्चिम घाटातला जांभळा बेडूक २००३ मध्ये जगासमोर आला. त्याचे सगळ्यांत जवळचे नातलग सेशेल्स बेटांवर आहेत, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी ताटातूट झालेली शाखा. तो यादीत एक खूण, आणि जगभर पसरलेली गाजर गवताची प्रजात पण एकच खूण? डॅनियल फेथ यांनी १९९२ मध्ये वंशवृक्षाच्या फांद्यांची लांबी, म्हणजे शाखा वेगळी होऊन किती काळ लोटला ते, मोजण्याची पद्धत सुचवली ती यासाठीच.

आता तुमच्या ‘काहीच नसलेल्या’ माळाकडे येऊ. भाद्रपद-आश्विनात, गवत फुलल्यावर, गावातल्या एखाद्या मेंढपाळ मामांना बरोबर घ्या आणि सकाळी माळावर बसा. ते पायाजवळच्या हातभर जागेत मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी वेगळी करून दाखवतील, कोणतं दुभत्याला चांगलं, कोणतं शाकारणीला, कोणत्या महिन्यात मेंढरं कुठं न्यायची नाहीत तेही सांगतील. कुसळीचं बी काढून घ्या. त्याला काळसर, लांब, पीळ भरलेलं कुसळ असतं. तळहातावर ठेवून पाण्याचा थेंब सोडला की पीळ सुटायला लागतो आणि कुसळ सावकाश गोल फिरतं. रानात पहाटेच्या दवाने ओलं व्हायचं, उन्हाने सुकायचं, पुन्हा ओलं व्हायचं, असं करत करत ते बी स्वतःच मुरमात घुसतं. मेंढराच्या लोकरीत आणि तोंडातही तसंच घुसतं, म्हणून कुसळी पिकली की मामा तो तुकडा टाळतात. हातभर पण मातीचा थर नसलेल्या जमिनीवर राहण्याची ही तयारी आहे.

मग चैत्रात परत जा. त्या वेळी माळ करपलेला असतो आणि बैठकीतले लोक त्याच वेळी तो बघतात. माळटिटवीने उघड्या मुरमावर चार अंडी घातलेली असतील, खड्यांच्या रंगाची, पाय पडेपर्यंत न दिसणारी. धाविक चार पावलं पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. डोंबारी चंडोल हवेत वर जाऊन खाली झेपावतो. जमिनीवर घरटं करणाऱ्या या पक्ष्यांना दूरवर मोकळं दिसणं लागतं. झाड आलं की त्यावर कावळा आणि शिक्रा बसायला जागा झाली, आणि अंडी-पिल्लं संपली. तुमच्या उद्यानातलं प्रत्येक झाड त्या कावळ्या-शिक्र्यांसाठी टेहळणी बुरूज आहे.

‘इथं पूर्वी जंगल होतं, आपण ते परत आणतोय’ असंही कुणी म्हणेल. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागाबद्दल ते सरसकट खरं नाही. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी अलीकडेच जुन्या मराठी साहित्यातले आणि ओव्यांमधले झाडा-गवतांचे उल्लेख तपासून दाखवलं की इथली गवताळ, विरळ झाडीची राने किमान साडेसातशे वर्षं जुनी आहेत. हिवर, बाभूळ, पळस, तरवड ही उघड्या रानातली मंडळी तेव्हाही होतीच. पण महसुली कागदावर हा माळ ‘पडीक’, आणि पडीक म्हटलं की खड्डे मारायला मोकळं. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत राज्याने अनुक्रमे २, ४, १३ आणि ३३ कोटी वृक्षलागवडीची उद्दिष्टं ठेवली. एवढ्या झाडांना जागा लागते, आणि ती ‘पडीक’ म्हणून लिहिलेल्या जमिनीत शोधली जाते.

उलट टोकाची चूकही आपल्याकडे झाली आहे, ती सांगितली नाही तर मी एकांगी ठरेन. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावंच्या गावं आली, लोकांचे जमिनीचे व्यवहार अडकले, आणि बिचारा पक्षी लोकांच्या रोषाचा धनी झाला. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. आज देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरले, तेही बहुतेक जैसलमेरकडे. नकाशावर क्षेत्र मोजलं गेलं, त्या क्षेत्रातली माणसं आणि मेंढरं मात्र मोजणीबाहेर राहिली. माळ हा मेंढपाळांच्या चराईसकट माळ आहे. चराई पूर्ण बंद केली तर बरीच छोटी रोपं उंच गवताखाली दबतात, आणि अती झाली तर नुसती धूळ उरते. मधलं प्रमाण शास्त्रज्ञाइतकंच मामांनाही कळतं.

तर बैठकीत काय म्हणायचं? जैवविविधता कायदा २००२ नुसार तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असली पाहिजे आणि तिने लोकांशी बोलून नोंदवही केलेली असली पाहिजे. ती मागा. राष्ट्रीय हरित लवादाने दिलेली ३१ जानेवारी २०२० ची मुदत गाठायला पुष्कळ नोंदवह्या घाईत उरकल्या गेल्या. मी पाहिलेल्या काहींमध्ये माळाच्या पानावर चार ओळी होत्या. तुमचीही तशीच निघाली तर ती नीट करून घेण्याचा ठराव मांडा: दोन ऋतूंत नोंद, पावसाळ्याअखेर गवतं, उन्हाळ्यात घरटी, आणि बरोबर गुरं-मेंढरं राखणारे लोक, बायकाही, कारण रानभाज्या त्यांनाच माहीत. यादीत प्रत्येक नावापुढे एकच जादा रकाना ठेवायला सांगा, ‘हे माळाशिवाय दुसरीकडे जगतं का?’

झाडांना तुम्ही विरोध करताय असं होऊ देऊ नका. ओढ्याचा काठ, शाळेचं आवार, गावठाण, रस्त्याची कड, तिथं वड, उंबर, करंज, जांभूळ लावा, मीही खड्डा खणायला येईन. माळावर मात्र नोंद पुरी होईपर्यंत जेसीबी जाऊ देऊ नका, पाणी मुरवायला खणतात ते सलग समतल चरसुद्धा नकोत. बहुवर्षायू गवताचं जुनं ठोंब एकदा उलथलं की पुढच्या पावसात तिथं हिरवं दिसतं खरं, पण ते तरोटा आणि गाजर गवत असतं. मूळचं गवत परत यायला कित्येक दशकं लागतात.