दोन इंजेक्शनं झाली, आता तिसरं कशाला?

प्रश्न : डॉक्टर, माझे वडील 74 वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. डाव्या डोळ्याची नजर काचबिंदूत आधीच गेली आहे. दिवाळीनंतर उजव्या डोळ्याला दाराची चौकट वाकडी दिसू लागली. पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढल्या आहेत असं निदान झालं. महिन्याच्या अंतराने डोळ्यात दोन इंजेक्शनं दिली. चौकट बरीच सरळ दिसते, पण पेपर वाचता येत नाही. तिसऱ्याला ते तयार नाहीत. म्हणतात, "फरक नाही तर पैसे कशाला घालवायचे?" त्यातून आपलं इंजेक्शन मुळात कॅन्सरचं औषध आहे असं कुणी सांगितल्यापासून आईही घाबरली आहे. काय करू?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ताई, बाबांना तिसऱ्या इंजेक्शनला न्याच. त्यांच्याकडे कामाचा डोळा एकच आहे, म्हणून इतक्या आग्रहाने सांगतो आहे.

चौकट सरळ दिसू लागली हाच मोठा फरक आहे. या नव्या रक्तवाहिन्या कच्च्या असतात. त्यांतून पाणी आणि रक्त झिरपतं, मधला पडदा सुजतो आणि सरळ रेघ वाकडी दिसते. त्यांना वाढायला लावणारं एक प्रथिन शरीरातच तयार होतं. इंजेक्शन त्या प्रथिनाला अडवतं, पण औषधाचा असर काही आठवड्यांत ओसरतो. म्हणून सुरुवातीला साधारण तीन डोस महिन्या-महिन्याने देतात आणि पुढचं अंतर ओसीटी तपासणीत, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या स्कॅनमध्ये, पडदा किती कोरडा दिसतो त्यावर ठरतं. छताची गळती थांबली तरी पडलेला गिलावा आपोआप परत बसत नाही. वाचनाचंही तसंच आहे. रॅनिबिझुमॅब हे असंच डोळ्यात देण्याचं एक औषध. त्याच्या 2006 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभर दर महिन्याला इंजेक्शन घेणाऱ्या 100पैकी सुमारे 95 जणांची नजर फारशी घसरली नाही. न घेणाऱ्यांत हा आकडा 62 होता. ठळक सुधारणा मात्र घेणाऱ्यांतही साधारण तिघांत एकालाच झाली. आहे ती नजर टिकवणं हे या उपचाराचं पहिलं काम, हे बाबांना आधीच कुणीतरी नीट सांगायला हवं होतं.

आता आईंची शंका. त्या औषधाचं नाव बेव्हासिझुमॅब. 2004 साली अमेरिकेत त्याला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली, हे खरं. पण रॅनिबिझुमॅब जे प्रथिन अडवतं, तेच हेही अडवतं. 2011 साली अमेरिकेत सरकारी खर्चाने झालेल्या तुलनेत वर्षअखेर दोन्ही औषधांनी नजर जवळपास सारखीच राखली. एका मोठ्या बाटलीतून छोटे डोस भरावे लागतात, म्हणून ते निर्जंतुक ठिकाणी भरलेलं आहे ना, एवढं जरूर विचारा. रॅनिबिझुमॅबच हवं असेल तर अहमदाबादच्या इन्टासने 2015 साली आणलेलं भारतीय औषधही आहे, मूळ परदेशी औषधापेक्षा स्वस्त.

बाबांशी पैशांवरून वाद घालू नका. माझ्याकडे पैशांचं कारण सांगणाऱ्या पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या मनात खरं तर सुईची भीती असते आणि पुरुषमाणसाला ती बोलून दाखवणं जड जातं. त्यांना सांगा, थेंब टाकून डोळा बधिर करतात, बीटाडीनने धुतात, बुबुळाच्या कडेपासून 4 मिलिमीटरवर मोजून खूण करतात आणि अगदी बारीक सुईने 0.05 मिलिलिटर औषध सोडतात. टोचणं काही क्षणांचं, चुरचुर बीटाडीनची. कापडाखाली तोंड झाकल्यावर काहींचा जीव घाबरतो. अशा वेळी सिस्टरचा हात धरू द्या म्हणून आधीच सांगून ठेवा, आम्ही नाही म्हणत नाही. गेल्या काही महिन्यांत हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर तेही इंजेक्शनआधी सांगा.

नंतर पांढऱ्या भागावर लाल डाग दिसला किंवा काळे ठिपके तरंगले तर बहुधा काळजीचं नसतं, काही दिवसांत जातं. पण दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, नजर अंधूक होऊ लागली तर आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. हे क्वचितच घडतं, पण घडलं तर तासांचा प्रश्न असतो. रविवार असो की उत्तरायण, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

रोज सकाळी चष्मा लावून त्यांना खिडकीचे गज बघायला सांगा. गज पुन्हा वाकले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. आणि तिसऱ्या इंजेक्शनची तारीख टळून गेली असेल तर आजच फोन करून नवी घ्या.