विदर्भातल्या खेड्यात राहून स्टारक्राफ्टच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरता येईल का?

भाऊ, स्पर्धा खऱ्या आहेत. भाच्यानं काही बनवून सांगितलेलं नाही.

तुम्ही लिहिलंय की तो अकरावीला आहे, मारेगावकडच्या गावात राहतो, मित्राच्या कॉम्प्युटरवर 'स्टारक्राफ्ट २' खेळतो आणि म्हणतो, "मामा, मी पोलंडले खेळाले जाईन." तुमचं विचारणं असं की हे खरंच असतं का, गावातून जमतं का, आणि कापूस विकला की त्याला कॉम्प्युटर घेऊन द्यावा का. मी वणीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, असले गेम शाळेत होतो तेव्हापासून खेळतो आणि स्पर्धा रात्री जागून बघतो. म्हणून उत्तर देतोय. जमेल का, तर दार उघडं आहे आणि आत जायला पैसे लागत नाहीत. अडचण आहे, पण लोकांना वाटते ती नाही.

तो पोलंड म्हणतो ते काटोवित्से शहर. कोळशाच्या खाणींवर वाढलेलं शहर आहे, हे वणीच्या माणसाला मुद्दाम सांगावंसं वाटतं. तिथं स्पोडेक नावाचं उडत्या तबकडीच्या आकाराचं बंदिस्त स्टेडियम आहे. २०१३ पासून तिथं 'इंटेल एक्स्ट्रीम मास्टर्स' ही गेमची स्पर्धा भरू लागली. २०१४ ला स्टारक्राफ्टचं बक्षीस एक लाख डॉलर होतं आणि ते सगळं पहिल्यालाच, दुसऱ्या नंबरला शून्य. कोरियाच्या किम यू-जिननं ते नेलं. २०२४ आणि २०२५ ला मोठा आखाडा सौदीत, रियाधला भरला. २०२४ च्या ईस्पोर्ट्स (म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या स्पर्धा) वर्ल्ड कपमध्ये फ्रान्सच्या क्लेमनं फायनलला फिनलंडच्या सेरालला ५-० असं धुतलं. सेराल म्हणजे या खेळातला सगळ्यात मोठा माणूस, त्याला ५-०! मी तो सामना बघून रात्रभर झोपलो नाही.

तुम्ही हा खेळ पाहिला नसेल तर बंदुकीचा गेम समजू नका. नकाशावर दोघं समोरासमोर, प्रत्येकाकडे एक तळ आणि बारा कामकरी. ते खनिज आणतात, त्यातून इमारती उभ्या राहतात, इमारतींतून फौज निघते. तुमचं माणूस जिथं उभं आहे तेवढंच दिसतं, बाकी नकाशा अंधारात. आणि पाळी नावाची भानगड नाही. तुम्ही विचार करत बसलात तरी समोरच्याचं काम चालूच असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर रात्री एकट्यानं ओलित करायचं आणि त्याच वेळी चारी धुऱ्यांवरून येणारी रानडुकरं हाकलायची. दांड फुटला तर पाणी गेलं, डुकरांकडे लक्ष नसलं तर हरभरा गेला. वरचे खेळाडू हे मिनिटाला तीनशेच्या वर क्लिक आणि बटणं मारत करतात.

आता गावाचं. हे कळायला आधी कोरियात काय झालं ते बघा. पहिला स्टारक्राफ्ट १९९८ च्या मार्चअखेर आला. त्याच्या आदल्याच वर्षी कोरियावर मोठं आर्थिक संकट कोसळलं होतं. नोकऱ्या गेलेल्या कितीतरी लोकांनी 'पीसी बांग' उघडले, म्हणजे तासावर कॉम्प्युटर भाड्यानं देणारी दुकानं. पोरांना स्वस्तात बसायला जागा मिळाली, सरकारनं इंटरनेटच्या जलद लाइनी टाकल्या आणि हा गेम गल्लोगल्ली पोचला. २००० साली खेळाडूंची राष्ट्रीय संघटना झाली. फक्त गेमचे सामने दाखवणारा टीव्ही चॅनेलही निघाला. २००४ ला बुसानच्या ग्वांगाल्ली समुद्रकिनाऱ्यावर एका लीगची फायनल झाली, तेव्हा लाखभर लोक जमल्याचं सांगतात. 'वर्ल्ड सायबर गेम्स' ही देशादेशांची स्पर्धाही कोरियातूनच सुरू झाली. स्टारक्राफ्टमध्ये २००१ आणि २००२ ची दोन्ही सुवर्णं लिम यो-ह्वाननं घेतली. हा तिथला पहिला सुपरस्टार.

या सगळ्यात टीव्ही, पैसा, संघटना हे मागाहून आलं. मुळात झालं ते एवढंच, की पोरगं खेळायला बसलं की बाजूच्या खुर्चीवर त्याच्याहून चांगला खेळणारा बसलेला असायचा. हरला की लगेच विचारता यायचं, "तू हे केव्हा बांधलंस?" असल्या खेळात माणूस असाच वाढतो.

आपल्याकडे तेच नाही. एक काळ होता, वणीतल्या सायबर कॅफेत आम्ही पोट्टे 'एज ऑफ एम्पायर्स' केबल जोडून खेळायचो आणि मालक ओरडेपर्यंत उठायचो नाही. मग मोबाइल आले, डेटा स्वस्त झाला, कॅफे बंद पडले. आता पोरं बीजीएमआय आणि फ्री फायर खेळतात. वाईट आहे असं म्हणत नाही, पण तुमच्या भाच्याला अख्ख्या तालुक्यात स्टारक्राफ्टचा जोडीदार मिळणं मुश्कील. त्याला जोडीदार इंटरनेटवरच शोधावा लागणार, आणि तिथं दुसरी अडचण उभी राहते.

ती म्हणजे अंतर. खेळाचे सर्व्हर, म्हणजे सामना ज्यांच्यावरून चालतो ते कंपनीचे कॉम्प्युटर, युरोपात, अमेरिकेत आणि कोरियाच्या बाजूला. काचेच्या तारेतून उजेड सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. विदर्भापासून जर्मनी सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे जाऊन-येऊन तेरा हजार, यात पासष्ट मिलिसेकंद गेले, तेही तार सरळ टाकली असती तर. प्रत्यक्षात आपला सिग्नल आधी मुंबईला जातो, मग समुद्राखालून वळसे घेत पुढे. शंभर-दीडशेच्या वर धरून चाला. या उशिरालाच पोरं 'लॅग' म्हणतात. हे टॉवर बदलून किंवा महागडा प्लॅन घेऊन कमी होत नाही.

त्यानं काय बिघडतं? सगळंच नाही. तळ वाढवणं, केव्हा काय बांधायचं ठरवणं, समोरच्याचा अंदाज घेणं, यात तेवढा उशीर चालून जातो. पण झर्ग या किड्यांच्या जमातीचे फुटणारे बेनलिंग अंगावर येताहेत आणि आपले मरीन, म्हणजे बंदूकवाले शिपाई, त्याच क्षणी पांगवायचेत, तिथं उशीर म्हणजे अर्धी फौज साफ. म्हणून आपल्याकडून खेळणाऱ्यानं असल्या झटापटीवर कमी आणि नियोजनावर जास्त उभी असलेली पद्धत निवडावी, असं माझं मत. भाचा कोणती जमात खेळतो ते तुम्ही लिहिलं नाही. टेरन, म्हणजे मरीनवाली माणसांची जमात, असेल तर त्याला हे आधीच जाणवलं असेल.

डेटाची मात्र काळजी करू नका. असल्या गेममध्ये तारेवरून चित्र जात नाही, फक्त हुकूम जातात: अमुक तुकडी तमुक ठिकाणी. त्यामुळे खेळताना डेटा फार थोडा लागतो. जड आहे ते पहिलं डाउनलोड, साधारण ३० जीबी. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर ते होणार नाही, कोणाच्या ब्रॉडबँडवरून एकदा करून घ्या. आणि खेळताना मोबाइलचं हॉटस्पॉट टाळा. तिथं वेग असतो, पण तो स्थिर नसतो. संध्याकाळी गावातले सगळे रील बघायला बसले की झटके येतात. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलं असेल आणि तिथून घरी कनेक्शन मिळत असेल तर तेच घ्या, कॉम्प्युटरला वायफाय नको, केबल लावा.

"खेड्यातलं पोरगं, त्याचं काय होणार" असं कोणी म्हणालं तर ते ऐकू नका. सेराल कोरियात जाऊन राहिला नाही, फिनलंडमध्ये घरीच सराव केला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या अनाहाइमला कोरियाच्या 'स्टॅट्स' नावाच्या खेळाडूला ४-२ नं हरवून जगज्जेता झाला. बिगर-कोरियन माणसानं ते जेतेपद घेण्याची ती पहिली वेळ. पण फिनलंडहून युरोपचा सर्व्हर हाकेच्या अंतरावर आहे, हेही भाच्याला सांगा. २०२३ ला काटोवित्सेत चीनचा ली पेइनान, म्हणजे 'ओलिवेरा', जिंकला तेव्हा तर कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याआधी एवढं मोठं जेतेपद त्याच्या नावावर नव्हतं, आणि फायनलला समोर कोरियाचा नावाजलेला खेळाडू 'मारू' होता. ४-१! आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र झालेली, शेजारी कोणी मेलं-बिलं की काय म्हणून बायको उठून आली.

मोठ्या स्पर्धेत पोचायचा रस्ता खुल्या पात्रता फेऱ्यांतून जातो. नाव नोंदवा, घरून खेळा, हरलात की बाहेर. 'स्टारक्राफ्ट २' चं एकमेकांविरुद्ध खेळणं नोव्हेंबर २०१७ पासून फुकट आहे, त्यामुळे गेम विकत घ्यायचीही गरज नाही. यात वशिला चालत नाही, जिल्हा-निवड समिती नाही, ही मला या खेळातली सगळ्यात आवडणारी गोष्ट. पण त्याचाच अर्थ असा की भाचा किती पाण्यात आहे ते लपत नाही. त्याला एवढंच विचारा, "कोणत्या लीगमध्ये आहेस?" ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, मास्टर आणि सगळ्यात वर ग्रँडमास्टर, ज्यात एका विभागातले फक्त वरचे २०० जण असतात. डायमंडच्या खाली असेल तर तो अजून खेळ शिकतोय, शिकू द्या, पोलंडचं नाव नको. मास्टर असेल तर पोरात काहीतरी आहे. ग्रँडमास्टर असेल तर मला त्याचा नंबर द्या, मीच त्याच्याकडून शिकेन. तरीही ग्रँडमास्टरच्या तळाशी असलेला आणि सेराल यांच्यात आभाळाएवढं अंतर असतं.

पोट भरेल का? नाही. हे मी गोड करून सांगणार नाही. जगात या एका खेळावर नीट कमावणारे थोडे, आणि गेम बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीनं २०२० मध्येच जाहीर केलं की यापुढे या गेमसाठी विकत घ्यायचं नवं काही बनवणार नाही. खेळ चालू आहे, पण वाढतोय असं कोणी म्हणणार नाही. बारावी आणि त्यापुढचं शिक्षण बाजूला सारून करण्यासारखं हे काम नाही. सरकारी मान्यतेचं विचाराल तर डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रानं ईस्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाखाली आणले, आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घालताना ईस्पोर्ट्सला वेगळं काढून खेळ मानलं. म्हणजे भाचा जुगार खेळत नाहीये, हे घरच्यांना सांगायला हरकत नाही. नात्यातल्या म्हाताऱ्यांना पटेल की नाही, ते तुम्ही बघा.

सट्ट्यापासून मात्र त्याला लांब ठेवा. कोरियात २०१० मध्ये सामने ठरवून हरल्याचं प्रकरण निघालं आणि मा जे-युनसारख्या मोठ्या खेळाडूवर कायमची बंदी आली. २०१४ चा जगज्जेता ली सुंग-ह्युन, म्हणजे 'लाइफ', त्यालाही २०१६ मध्ये अशाच प्रकरणात अटक झाली. आपल्याकडे आयपीएलमध्ये गावागावांत काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. इंटरनेटवर कोणी "हा सामना हर, पैसे देतो" म्हणालं तर त्याला ते ओळखता आलं पाहिजे.

माझं ऐकाल तर स्टारक्राफ्टसोबत त्याला 'एज ऑफ एम्पायर्स २' ही खेळून बघू द्या. मूळ गेम १९९९ चा, पण २०१९ ला नव्यानं काढला आणि आजही जोरात आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याची स्पर्धा जर्मनीत हायडेलबर्गच्या खऱ्याखुऱ्या किल्ल्यात भरली होती! खेळ जरा संथ आहे, सेकंदाच्या हिश्शावर कमी अवलंबून, त्यामुळे आपल्यासारख्या लांबच्या माणसाला तो जास्त न्याय देतो. भारतातही खेळणारे बरेच भेटतात, म्हणजे जोडीदाराचा प्रश्न थोडा सुटतो. हा गेम विकत घ्यावा लागतो, सेल लागेपर्यंत थांबा. तरण्या पोरांना तो म्हाताऱ्यांचा वाटतो, त्याला माझा इलाज नाही.

राहिला कॉम्प्युटर. दुकानदार रंगीत लाइटवाला 'गेमिंग पीसी' दाखवतील, घेऊ नका. स्टारक्राफ्टला भारी ग्राफिक्स कार्डापेक्षा बरा प्रोसेसर लागतो. ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, एसएसडी, साधं पण चांगल्या बटणांचं माउस, एवढ्यावर सुरुवात होते. त्यातून वाचलेल्या पैशात यूपीएस घ्या. आपल्याकडे लाइन केव्हा जाईल याचा नेम नाही आणि उन्हाळ्यात कूलर लागले की व्होल्टेज पडतं ते वेगळंच. स्टारक्राफ्टचा एक डाव बहुतेक दहा-पंधरा मिनिटांत आटपतो, बॅटरी चांगली असली तर छोट्या यूपीएसवरही बहुधा निघून जातो. राउटरही त्याच यूपीएसवर जोडा, नाही तर कॉम्प्युटर चालू आणि नेट बंद. एज ऑफ एम्पायर्सचा डाव पाऊण तास जाऊ शकतो, त्याला इन्व्हर्टरच पाहिजे.

आणि पैसे काढायच्या आधी एक करा. गेममध्ये प्रत्येक डावाचा रिप्ले, म्हणजे पुन्हा बघता येणारी नोंद, राहतो. भाच्याला शेजारी बसवून सांगा की तू हरलेला एखादा डाव दाखव आणि कुठं हरलास ते मला समजावून सांग. तुम्हाला खेळ कळायची गरज नाही. "इथं मी दुसरा तळ उशिरा टाकला, त्याची फौज येताना पाहिली नाही" असं तो थांबवून-थांबवून दाखवायला लागला तर डेस्कटॉप घेऊन द्या. दरवेळी "मामा, लॅग होता" एवढंच म्हणाला, तर या वर्षी त्या पैशांची तुरीला फवारणी करा.